दर वेळी सातच कसे वाढतात?

वेबसाइट म्हणजे काय, हे समजावून सांगण्यात माझ्या नोकरीतला निम्मा वेळ गेला आणि उरलेल्या निम्म्यात मी ती बनवली. उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात गोपसेठ नावाच्या सिंधी गृहस्थांचं छपाईचं दुकान होतं. खाली लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं. वर माळ्यावर, जिथे ताठ उभं राहिलं तर डोकं पंख्याला लागेल, तिथे मी आणि एक कॉम्प्युटर. दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांत बाजारात अशी हवा झाली की ज्याच्या कार्डावर वेबसाइटचं नाव नाही तो मागे पडला. कार्डं आमच्याकडेच छापली जात, म्हणून गोपसेठनी हेही काम घ्यायला सुरुवात केली. मी अंबरनाथची. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत कुणीतरी दान दिलेले दोन कॉम्प्युटर होते, त्यांवर हात बसला. पुढे एक क्लास केला आणि थेट या माळ्यावर चढले.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका फरसाणवाल्यांनी पहिल्या पानावर आपल्या गुरूंचा फोटो एवढा मोठा लावून घेतला की फरसाणापर्यंत पोचायला पान खाली खाली सरकवत न्यावं लागे. जीन्स शिवणाऱ्या एकाला मी 'साइट तयार आहे' म्हणून कळवलं, तर तो प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. म्हणाला, "डालो इसमें." मी पिशवीत एक सीडी घालून दिली. तो समाधानाने गेला.

पण लिहायचं आहे ते यशवंत गायकरांबद्दल. गायकरकाका बदलापूर गावातले. घरची थोडी भातशेती, आणि नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, पॅटर्नमेकरची. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा असला की आधी तो तसाच्या तसा लाकडात करतात, वाळूत दाबून त्याचा साचा घेतात आणि त्यात रस ओततात. तो लाकडी नमुना करणारा माणूस म्हणजे पॅटर्नमेकर. दिवसभर हे काम करून काका घरी आले की उरल्यासुरल्या सागवानातून शाळांसाठी विज्ञानाची मॉडेलं बनवत. दातेचक्रं, कप्प्या, तरफा, सगळं फिरणारं, हाताने सुटं करून पुन्हा जोडता येणारं. आसपासच्या दोन-तीन शाळांनी घेतली होती. कुणीतरी त्यांना सांगितलं, नेटवर टाका, सगळ्या देशातून मागणी येईल.

एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी. अशाच एका शुक्रवारी ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन दातेचक्रं घेऊन माळ्यावर आले आणि शिडीच्या तोंडाशी ठेवलेल्या स्टुलावर बसले.

"मॅडम, मना यातला काय येत नाय," ते म्हणाले. "पण समजल्याबिगर मी काम करून घेत नाय. तुमी सांगा, मी लिहून घेतो."

त्यांनी खिशातून लहान डायरी काढली, कानावरची पेन्सिल घेतली. असं गिऱ्हाईक मला पूर्वी मिळालं नव्हतं.

मी सांगत गेले. डोमेन म्हणजे तुमच्या पाटीवरचं नाव. ते दर वर्षी पैसे भरून राखायचं, नाहीतर दुसरा कुणी घेतो. होस्टिंग म्हणजे गाळा. तुमची पानं ठेवायला कुठल्या तरी दूरच्या कॉम्प्युटरवर भाड्याने घेतलेली जागा. तो कॉम्प्युटर कधी बंद करत नाहीत, त्याला सर्व्हर म्हणायचं. होमपेज म्हणजे ओटा, आलेला माणूस पहिल्यांदा टेकतो ती जागा. लिंक म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं दार. आणि ब्राउझर म्हणजे बघणाऱ्याच्या कॉम्प्युटरमधला तो प्रोग्राम, ज्यातून हे सगळं दिसतं.

"आनि तुमी बनवता कसं?"

"आधी कागदावर चौकोन काढते. इथे नाव, इथे फोटो, इथे मजकूर. मग ते कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिते. मग सर्व्हरवर चढवते. मग एखाद्या सायबर कॅफेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर जाऊन बघते, मोडलंय का."

"आमचं पन तसंच," काका म्हणाले. "ड्रॉइंग, पॅटर्न, साचा, मग ओतकाम. आनि मग कुठं भेग गेली ते बघायचं."

मजकूर मराठीत हवा, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी ही मोठी कटकट होती. माझ्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं नीट दिसत. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की तिथे किडे-मुंग्या उमटत. त्यावर आमचा तोडगा असा की मराठी मजकूर टाइप करायचा, त्याचं चित्र बनवायचं आणि पानावर ते चित्र चिकटवायचं. काकांची साइट अशी सगळी चित्रांचीच झाली. नाव, पत्ता, फोन नंबर, माहिती, सगळं चित्र. फक्त तळाशी मी इंग्रजीत दोन साधी वाक्यं टाकली: शाळांसाठी लाकडी चालती मॉडेलं, हाताने उघडता आणि जोडता येतात. त्याखाली, सगळ्यांच्या साइटवर असतो तसा, निरोप पाठवायचा फॉर्म.

आणि त्याच्याही खाली काउंटर. किती जणांनी पान पाहिलं ते सांगणारा काळ्या पट्टीवरचा पांढरा आकडा. पान उघडलं की तो एकाने वाढायचा. तो कुठून सुरू करायचा आणि कितीने वाढवायचा, हे बनवणाऱ्याच्या हातात असे.

शून्यावरून सुरू केलेला काउंटर गोपसेठनी पाहिला.

"ये क्या है? शून्य? खाली दुकान में गिराक घुसता है क्या, बेटी?"

"शेठ, आज तर चढवलीय."

"मेरा बाप जब इधर कॅम्प में आया ना, तब दुकान में माल नहीं था. खाली डिब्बे रखे थे उसने, ऊपर तक. गिराक को लगा, भरी हुई दुकान है. तभी घुसा." मग त्यांनी आकडा सांगितला, "तीन हजार से चालू कर. और एक का सात कर."

सांगितलं त्यांनी, पण टाइप केलं माझ्या बोटांनी. बाकी सगळ्यांच्या साइटवरही आम्ही असंच काहीतरी करत होतो. मला ते लग्नपत्रिकेवरच्या सोनेरी शाईसारखं वाटायचं.

काका हरखले. दर शुक्रवारी बदलापूर स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन साइट उघडायची, हा त्यांचा नेम झाला. पान एकदा उघडायचे, पुन्हा उघडायचे. "बघ, बघ," एकदा मला फोनवर म्हणाले, "मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात सात जणांनी बघितलं!" एव्हाना मी मॅडमची पोरी झाले होते. आठ महिन्यांत आकडा सहा हजारांवर गेला. मागणी मात्र एकही आली नव्हती. काका म्हणत, लोकं आधी बघतात, मग विचार करतात.

मग त्यांच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली. पॅटर्न आता कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर होणार होते. ज्यांना जायचं असेल त्यांनी शनिवारपर्यंत फॉर्म द्यावा. बुधवारी पहिली पाळी संपवून काका थेट माळ्यावर आले. फॉर्म भरलेला होता, सही बाकी होती.

"मी ठरवलंय," ते म्हणाले. "सहा हजार लोकं बघतात. शंभरात एकानं घेतलं तरी साठ झाले. दिवसभर हेच करायचा. पन सही करायच्या आधी एक विचारतो. दर वेळी सातच कसे वाढतात? कवा पाच नाय, कवा नऊ नाय. सातच."

आयुष्यभर मिलिमीटरच्या अंशांत काम केलेला माणूस. त्याला ते दिसणारच होतं.

खाली गोपसेठ कुणाशी तरी कागदाच्या भावावरून बोलत होते. त्यांचा आवाज वर येत होता. मी काकांकडे न बघता म्हणाले, "ते सर्व्हरचं असतं, काका. सर्व्हर एकदम मोजतो, गठ्ठ्याने."

काकांनी डायरी उघडली, काहीतरी लिहिलं, मिटली. "सर्व्हर. हां. मग ठीक हाय." आणि ते शिडी उतरून गेले.

मी त्यांना प्रत्येक शब्द फोडून सांगितला होता. डोमेन, होस्टिंग, लिंक. एकही शब्द त्यांच्या डोक्यावरून जाऊ दिला नव्हता, आणि त्याचा मला अभिमान होता. आता त्यातलाच एक शब्द मी त्यांच्या तोंडावर दार लावायला वापरला. आमच्या धंद्यात हे रोज होतं. गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं नसलं की एक इंग्रजी शब्द पुढे करायचा. समोरचा आपल्यालाच कळत नाही म्हणून गप्प बसतो.

गुरुवारी माझं कामात लक्ष लागलं नाही. शुक्रवारी मला बरं नाही म्हणून गोपसेठना सांगितलं आणि बदलापूर गावात काकांचं घर विचारत गेले.

काका अंगणात फळीवर रंधा मारत होते. काकू ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून त्या चहा टाकायला उठल्या. मी म्हटलं, "काकू, आधी बसा. माझं ऐकून घ्या, मग चहा द्यावासा वाटला तर द्या."

मी उभ्यानेच सांगितलं. "काका, सर्व्हर गठ्ठ्याने मोजत नाही. मी खोटं बोलले. आकडा मी तीन हजारांपासून सुरू केला होता. आणि एक माणूस आला की सात वाढवत होते."

काकांनी रंधा थांबवला आणि हळूच आडवा ठेवला. कानावरची पेन्सिल काढून समोरच्या फळीवरच हिशोब मांडला. सहा हजार दोनशे वीस, त्यातून तीन हजार गेले, राहिलेल्याला सातने भाग.

"चारशे साठ," ते म्हणाले.

"त्यातले कितीतरी माझे. कामाच्या वेळी उघडलेले."

"आनि माझे. दर शुक्रवारी सात-आठ तरी." त्यांनी आणखी वजाबाकी केली. "म्हंजे शंभर. लई तं सव्वाशे."

काकू म्हणाल्या, "तरी मी बोलत होते, हजारो लोकं बघतान, मंग एकाचा तरी फोन का येत नाय."

काकांनी फळी बाजूला ठेवली. मग आत गेले आणि एक पोलादी पट्टी घेऊन आले. दुसरी, साधी पट्टी तिच्याशेजारी धरली. दोन्हींवर एकच आकडे, पण पहिली पट्टी जराशी लांब होती.

"लोखंड थंड होताना आकसतं," ते म्हणाले. "म्हनून पॅटर्न थोडा मोठा करायला लागतो. त्यासाठी ही पट्टी. हिचा सेंटिमीटर खरा सेंटिमीटर नाय. खोटी पट्टी हाय ही, पोरी. पन बघ, हिच्यावर लिहिलंय की ही खोटी हाय."

रागावले असते तर बरं झालं असतं. काकूंनी चहा आणला. मी रडत होते, तरी त्यांनी कप हातात दिला.

चहा झाल्यावर काका म्हणाले, "बरं, ते शंभर तरी खरेच ना? त्यातला कोन काय बोलला?"

तेव्हा मला आठवलं. तो निरोपाचा फॉर्म. त्यातून येणारे निरोप एका ईमेलच्या पेटीत जमा व्हायचे. ती पेटी मीच तयार केली होती आणि आठ महिन्यांत एकदाही उघडली नव्हती. फॉर्म सगळ्यांच्या साइटवर असतो म्हणून लावायचा. त्यातून कुणी खरंच लिहील असं आमच्या डोक्यातच नव्हतं.

आम्ही दोघं स्टेशनजवळच्या कॅफेत गेलो. पासवर्ड आठवायला मला तीन खेपा लागल्या. पेटीत शे-दीडशे जाहिराती होत्या, औषधांच्या, लॉटऱ्यांच्या. त्यांच्यामध्ये एक पत्र होतं. इंग्रजीत, चार महिन्यांपूर्वीचं. दृष्टिहीन मुलांच्या एका शाळेतले विज्ञानाचे शिक्षक लिहीत होते: 'आपली मॉडेलं हाताने उघडता-जोडता येतात असं वाचलं. माझ्या मुलांना दातेचक्र कसं चालतं हे आजवर मी फक्त बोलून शिकवलं आहे. कृपया कळवावं.' खाली फोन नंबर. मी काकांना मराठीत सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

शेजारच्या पीसीओवरून फोन लावला. सर स्वतःच बोलले. मी आधी उशिराची माफी मागितली.

"मी आशा सोडली होती," ते म्हणाले. "हे वर्ष तर संपलं. पण पुढच्या वर्षासाठी बघू. एक अडचण आहे. मलाही दिसत नाही. आमच्याकडे पान वाचून दाखवणारा एक प्रोग्राम आहे. तुमच्या पानावर तो नुसतं 'इमेज, इमेज, इमेज' म्हणत राहतो. खालची दोन वाक्यं तेवढी वाचली त्याने. काय काय मॉडेलं आहेत ते मला वाचता आलं, तर कुठली हवीत ते सांगीन."

मी काकांना सगळं सांगितलं. फोन नंबर चित्रात होता, म्हणून सरांना फोन करता आला नव्हता. काउंटरचे आकडेही चित्रंच होती.

"म्हंजे," काका सावकाश म्हणाले, "ज्यानं लिहिलं, त्यानं आकडा बघितलाच नाय."

पीसीओच्या काचेच्या खोक्यात उभे राहून ते हसले. मला हसू आलं नाही.

निवृत्तीचा फॉर्म त्यांनी दिला नाही. एका पत्रावर नोकरी सोडण्याएवढे ते भाबडे नव्हते. पुढे तीनेक वर्षांनी त्यांचा विभाग बंदच झाला आणि तेव्हा हातात जे पडलं ते पहिल्या वेळेपेक्षा कमी होतं. म्हणजे मी गप्प बसले असते तर काकांचा फायदा झाला असता. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तो हिशोब तुजा नाय. तू मना खरं माप दिलंस, कापलं मी." माझ्या मनातून ते पुरतं गेलेलं नाही. खरं सांगितल्याने भलंच होतं, असं मला आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. एवढंच म्हणता येतं, की ज्याचं आयुष्य त्याच्या हातात खरा आकडा असावा.

बदलापूरहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, गोपसेठना सगळं सांगितलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "तू चरी है. एकदम चरी." म्हणजे वेडी. मी म्हटलं, यापुढे मी कुणाच्याच साइटवर खोटा काउंटर लावणार नाही, हवं तर मला कामावरून काढा. त्यांनी गल्ल्यातल्या नोटा मोजायला घेतल्या. मग म्हणाले, "वो डिब्बे वाली बात. एक दिन एक गिराक ने डिब्बा माँगा था. बाप ने बोला, वो बिका हुआ है. रोज़ वही बोलता था." आणि हात हलवून म्हणाले, "जा, ऊपर जा. निकाल दे काउंटर." मी काढला. त्यापायी दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. गोपसेठनी मला ते कधी ऐकवलं नाही.

पुढच्या शुक्रवारी काका माळ्यावर आले. आमच्या कामात एक सोय तेव्हाही होती: पानावरच्या प्रत्येक चित्रामागे, दिसणार नाहीत असे शब्द ठेवता येतात. चित्र उघडलं नाही तर ते शब्द दिसतात, आणि वाचून दाखवणारा प्रोग्राम तेच वाचतो. क्लासमध्ये हे एका ओळीत शिकवलं होतं. वेळ जातो म्हणून मी ती जागा नेहमी रिकामी सोडत आले होते.

काकांच्या साइटवर चौदा चित्रं होती. मी पहिलं उघडलं. "काका, हे काय आहे ते सांगा."

"हे? दातेचक्रं."

"दिसत नाही त्याला सांगा."

काका पडद्याकडे वाकले. मग पिशवीतून खरी चक्रं काढली, मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. "दोन चाकं हायेत," ते बोटं फिरवत म्हणाले. "एक तळहाताएवढं, एक ताटलीएवढं. कडेला दात, लहानाला तेवीस. लहानाला धरून फिरव, मोठं उलटं फिरतं, सावकाश. मधी खुंटी हाय, ती उपसली का दोनी सुटतात." ते मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत उतरवत होते, कारण सरांच्या प्रोग्रामला मराठी येत नव्हतं. चौदा चित्रं होईपर्यंत दुपार उलटून गेली. आठ महिन्यांपूर्वी ही अख्खी साइट बनवायला मला एवढा वेळ लागला नव्हता.

खालच्या दुकानातल्या फोनची वायर ओढून आम्ही माळ्यावर घेतली आणि सरांना फोन लावला. सरांनी पान उघडलं, रिसीव्हर स्पीकरजवळ धरला. पलीकडून तो वाचून दाखवणारा प्रोग्राम सपाट, परदेशी, पुरुषी आवाजात बोलू लागला. काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला धरला. मीही कान जवळ नेला.

"टू वुडन व्हील्स," आवाज म्हणत होता. "द स्मॉल व्हील हॅज ट्वेंटी-फोर टीथ."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "चोवीस बोलला काय तो?"

"हो."

"तेवीस हायेत."

मी लिहिलेलं पाहिलं. टाइप करताना चूक माझीच झाली होती. पलीकडून सर म्हणाले, "हॅलो? छान आहे हे. काय झालं?"

"सर, एक मिनिट थांबा," मी म्हणाले. "एक आकडा चुकलाय."

आकडा बदलला, पान सर्व्हरवर चढवलं, त्यांना पुन्हा उघडायला सांगितलं. काका रिसीव्हर कानाला लावून, मांडीवरच्या चाकाचे दात अंगठ्याने एकेक मोजत बसले होते.

"ट्वेंटी-थ्री टीथ," आवाज म्हणाला.

"हां," काका म्हणाले. "आता फुडचा."